जुन्या पिकअपचा हादरा: दोष कोणाचा?

#धागा #यंत्रांचा_इतिहास

१/ १९४० आणि १९५० च्या दशकांतील अमेरिकी पिकअप ट्रक आज संग्राहकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहेत. मात्र त्यांपैकी एखादा पहिल्यांदाच चालवणारा मनुष्य खाली उतरताच बहुधा एकच तक्रार करतो: पुढून हादरे फार बसतात. लहानशा खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देते, कंबर आसनावर आपटते आणि रिकामी गाडी सपाट रस्त्यावरही उड्या मारत जाते.

२/ या तक्रारीवरचे प्रचलित उत्तर ठरलेले आहे: तंत्रच जुनाट, ते काढून टाकावे. पुढचा अखंड आस उतरवायचा, पाटे भंगारात टाकायचे, प्रसंगी चेसिसचे पुढचे तोंड कापायचे आणि तेथे नव्या मोटारीचे सस्पेन्शन जोडायचे. हा धागा त्या उत्तराच्या विरोधात आहे. हादरा कोठून येतो हे न तपासता चेसिस कापणे म्हणजे दप्तरातील रुमाल सोडून न पाहताच तो बंबात घालणे होय.

३/ प्रथम वस्तू ओळखावी. शेवरलेची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ही ट्रकमालिका १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आली. तिच्यातील ३१०० हे अर्धा टन भाराचे मॉडेल; पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ११६ इंच. जानेवारी १९४८ मध्ये फोर्डने एफ-१ आणले. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या भागाची मूळ कल्पना एकच होती: आडवा पोलादी आस आणि त्यावर चेसिस तोलून धरणारे दोन पाटे.

४/ पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या, किंचित वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. एक डोळा चेसिसला पक्का जोडलेला असतो, दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला. भार आला की पाटा सपाट होतो, सपाट झाला की लांबतो, आणि ती वाढीव लांबी शॅकल सामावून घेते.

५/ ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबाडाया इलियट याने घोडागाड्यांसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले. त्यामुळे गाडीचा सांगाडा हलका करता आला आणि प्रवाशांची हाडे वाचली. मराठीतही या पट्ट्यांना कमान हेच नाव मिळाले. वाकवून ताणलेले, सोडताच मूळ आकाराला येणारे पोलाद पाहून धनुष्य आठवणे स्वाभाविकच होते.

६/ पिकअपच्या पुढच्या पाट्याकडे केवळ ‘स्प्रिंग’ म्हणून पाहिले की गल्लत सुरू होते. तो एकाच वेळी चार कामे करतो. गाडीचे वजन पेलतो. आसाला पुढे-मागे व आडवे सरकू देत नाही. ब्रेक लागताच आस स्वतःभोवती फिरू पाहतो, त्याला आवरतो. आणि पट्ट्यांच्या परस्पर घर्षणातून उड्या थोड्याफार शमवतो. नंतरच्या मोटारींत या चार कामांसाठी चार वेगळे भाग आले.

७/ ज्याच्यावर चार जबाबदाऱ्या आहेत, त्याला एकीतच कौशल्य दाखवता येत नाही. पाटा फार मऊ केला तर ब्रेक लागताच तो इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा पिळवटतो. आस हलला की स्टिअरिंगचा दांडा व चाक यांचे गणित बिघडते, आणि विशिष्ट वेगाला पुढची चाके डावी-उजवीकडे थरथरू लागतात. हे सारे टाळण्यासाठी पुढचा पाटा आखूड आणि ताठ ठेवला जाई. ताठपणा ही त्या रचनेची अट होती.

८/ ताठपणा मोजण्याचा एक सोपा मार्ग आहे: गाडीच्या वजनाने पाटा किती दबतो ते पाहणे. २५ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला सुमारे एकदा हेलकावते. केवळ ६ सेंटिमीटर दबणारी सुमारे दोनदा. पहिली हालचाल शरीराला संथ झोपाळ्यासारखी वाटते, दुसरी खडखडाटासारखी. मनुष्यदेह उभ्या दिशेच्या कंपनांना सर्वांत हळवा असतो तो सेकंदाला ४ ते ८ आंदोलनांच्या पट्ट्यात. ताठ पाटा व फुगलेले टायर मिळून त्याला तिकडेच ढकलतात.

९/ आता भाराचा विचार. अर्धा टन म्हणजे साधारण ४५० किलो माल हौद्यात आहे असे धरून या गाड्या घडल्या. धान्याची पोती, कुंपणाचे खांब, दुधाचे कॅन लादले की गाडी खाली बसे आणि चालही सुधारे. आज तीच गाडी रविवारी सकाळी एकट्या मालकाला घेऊन निघते. हौदा रिकामा, मागचे पाटे जवळजवळ निरुद्योगी. बैल सोडून नुसती गाडी ढकलावी आणि ती जड म्हणून दोष द्यावा, तसा हा प्रकार आहे.

१०/ मग त्या काळच्या अभियंत्यांना याहून चांगले काही ठाऊक नव्हते काय? येथे इतिहास स्पष्ट उत्तर देतो: ठाऊक होते, आणि चांगलेच ठाऊक होते. त्यासाठी १९३० च्या दशकारंभी डेट्रॉइटमध्ये जावे लागते.

११/ मॉरिस ऑली हा रोल्स-रॉइसमध्ये घडलेला इंग्रज अभियंता १९३० मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. तेव्हाच्या मोटारींत पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा ताठ असत. खड्डा आला की आधी पुढचा भाग उसळे, मग मागचा, आणि गाडी होडीसारखी डोले. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्यांना हे डोलणे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१२/ ऑलीने १९३२ मध्ये एक चाचणीगाडी तयार करवली. सात आसनी कॅडिलॅकवर सरकवता येतील अशी वजने लादली होती आणि तिच्या स्प्रिंगाही बदलता येत. वेगवेगळ्या मांडण्या चालवून पाहताना एक गोष्ट पक्की झाली: पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ ठेवली की डोलणे लवकर शमते. मागची बाजू थोडी जलद हेलकावत असल्याने ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट चालते.

१३/ अडचण लगेच पुढे आली. पुढची स्प्रिंग मऊ करावी, तर अखंड आस थरथरतो आणि स्टिअरिंग बिघडते. म्हणजे पाट्याच्या चार कामांची गाठ सोडवल्याशिवाय मऊपणा मिळणार नव्हता. १९३४ च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने ती सोडवली. कॅडिलॅक, ब्यूक व ओल्ड्समोबिल यांना असमान लांबीच्या दोन भुजांची रचना मिळाली, तर शेवरले व पॉन्टिॲक यांना फ्रेंच अभियंता आंद्रे द्युबोने याची. प्रत्येक पुढचे चाक आता स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागले.

१४/ येथे तारखांकडे नीट पाहावे. शेवरलेच्या मोटारीला स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले १९३४ मध्ये. शेवरलेच्या पिकअपला मिळाले १९६० मध्ये. एकच कंपनी, तिच्या एका दालनात ज्ञान सिद्ध, आणि दुसऱ्या दालनापर्यंत ते पोहोचायला २६ वर्षे! या २६ वर्षांचा अर्थ लावणे हाच या विषयातला खरा इतिहास आहे.

१५/ एक उत्तर गिऱ्हाइकात सापडते. पिकअप घेणारा मुख्यतः शेतकरी, छोटा दुकानदार, कारागीर. त्याची वाट कच्ची, चाकोऱ्यांनी भरलेली. त्याचा वेग बेताचा. त्याला हवी होती अशी गाडी, जी लादली तरी मोडणार नाही आणि मोडलीच तर गावात दुरुस्त होईल. पट्टी तुटली तर लोहारही ती बदलून देऊ शके. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये सांधे अधिक, झिजणारे भाग अधिक आणि किंमतही अधिक.

१६/ दुसरे उत्तर भाराच्या गणितात आहे. अखंड आसामुळे दोन्ही चाकांचा रस्त्याशी असलेला कोन भाराने बदलत नाही. आज रिकामी, उद्या काठोकाठ भरलेली अशा गाडीला हा मोठा गुण. म्हणून १९४७ चा पाटा हा अज्ञानाचा पुरावा ठरत नाही. तो एक सौदा होता: चालकाच्या कमरेचे सुख देऊन टिकाऊपणा विकत घेतलेला.

१७/ सौद्याच्या अटी १९५० च्या दशकात बदलू लागल्या. १९५५ मध्ये शेवरलेने मोटारीसारख्या देखण्या पाठीचा ‘कॅमिओ कॅरिअर’ आणला. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहू लागले. १९५७ मध्ये फोर्डची रँचेरो आणि पाठोपाठ १९५९ च्या मॉडेलांत शेवरलेची एल कॅमिनो आली. या तर हौदा लावलेल्या मोटारीच होत्या. पिकअप आता बाजाराबरोबर रविवारच्या प्रार्थनेलाही जाऊ लागली होती.

१८/ गिऱ्हाईक बदलले तसा आसही बदलला. शेवरलेने १९६० मध्ये टॉर्शन बार, म्हणजे पिळल्यावर स्प्रिंगचे काम करणारी सळई वापरून पुढची चाके स्वतंत्र केली. १९६३ मध्ये तिच्या जागी गुंडाळीची स्प्रिंग आली. फोर्डने १९६५ मध्ये दोन आडव्या तुळयांची ‘ट्विन आय-बीम’ रचना आणली. डॉजच्या पिकअपना १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. आणि शेवरलेच्या चारही चाकांना जोर देणाऱ्या पिकअपांनी पुढचा अखंड आस व पाटे १९८७ पर्यंत सोडले नाहीत.

१९/ एवढा पूर्वेतिहास सांगण्याचे कारण असे की, दुरुस्तीचा निर्णय यावरच अवलंबून आहे. यंत्र मुळातच अडाणी मानले तर ते फेकण्यात काही वावगे वाटत नाही. ते विचारपूर्वक केलेला सौदा आहे हे कळले, तर पुढचा प्रश्न सुचतो: आज बसणारा हादरा त्या सौद्यातलाच आहे काय, की मधल्या सत्तर वर्षांनी त्यात भर घातली आहे?

२०/ बहुतेक गाड्यांच्या बाबतीत भर मोठी असते. पाट्यातील पट्ट्या एकमेकींवरून सरकल्या तरच पाटा वाकतो. दशकानुदशके पाणी व धूळ शिरून त्यांच्यामध्ये गंज धरतो, आणि गंज जागा अधिक व्यापत असल्याने पट्ट्या एकमेकींत आवळल्या जातात. शेवटी सुट्या पट्ट्यांचा जुडगा एका जाड ठोकळ्यासारखा वागू लागतो.

२१/ ठोकळा होण्याची किंमत किती? वाकणाऱ्या पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. दोन सुट्या पट्ट्या मिळून एकीच्या दुप्पट ताठ असतात. त्याच दोन जर एकजीव झाल्या, तर आठपट. गंजाने संपूर्ण एकजीवता येत नाही, तरीही पाटा त्या दिशेने सरकतो हे उघड आहे.

२२/ घर्षणाचा आणखी एक दुर्गुण आहे. ते वेग पाहत नाही. लहान खडा आला तरी पट्ट्या सरकण्यापूर्वी ठराविक जोर पार करावाच लागतो. तोवर पाटा जागचा हलत नाही आणि धक्का सरळ चेसिसमध्ये जातो. हायड्रॉलिक शॉक ॲब्सॉर्बर याच्या उलट वागतो: हालचाल संथ तर विरोध कमी, वेगवान तर जास्त. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीला असे शॉक ॲब्सॉर्बर मिळाले, ते याच कारणाने.

२३/ गंजाच्या जोडीला माणसांचे हात असतात. कोणा मालकाने जास्त माल लादता यावा म्हणून एक पट्टी वाढवलेली असते. कोणी पुढचा भाग बसला म्हणून दुसऱ्याच गाडीचा पाटा चढवलेला असतो. कोणी शॅकलचा बोल्ट इतका आवळतो की झुलता दुवा झुलणेच विसरतो. जुन्या वाड्यात जशा पोटमाळे व पडव्या वाढत जातात, तशी ही गाडी अनेक पिढ्यांच्या गरजांनी लिहिलेली असते. ते थर ओळखावे लागतात.

२४/ यावरून दुरुस्तीचा क्रम सुचतो, आणि त्याची सुरुवात सर्वांत स्वस्त गोष्टीपासून व्हावी. पहिली गोष्ट टायर. मूळ टायर तिरकस धाग्यांचे असत; रेडियल टायर मिशलिनने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणला आणि त्याची भिंत उभ्या धक्क्याला अधिक मऊ असते. आज पुष्कळदा ट्रकचे जाड टायर पूर्ण भाराच्या हवेवर फुगवून रिकाम्या गाडीला लावलेले असतात. पुढच्या आसाचे वजन वजनकाट्यावर घ्यावे आणि टायर-उत्पादकाच्या तक्त्यात त्या वजनाला दिलेली हवा भरावी. अंदाजाने हवा सोडू नये.

२५/ दुसरी गोष्ट आसन. मूळ बाकात पोलादी स्प्रिंगा व त्यांवर भरणी असे. म्हणजे आसन हे सस्पेन्शनचाच एक मजला होता. ज्या गाडीत तुटक्या स्प्रिंगा काढून वर चार बोटे फोम ठोकला आहे, तेथे पाट्याला दोष देण्यापूर्वी आसन मूळ पद्धतीने भरून पाहावे. केबिनखालचे रबरी तुकडे दगडासारखे झाले असतील, तर तेही बदलावेत.

२६/ तिसरी गोष्ट अंतर. आस आणि चेसिस यांच्यामध्ये रबराचा एक ठोकळा असतो; पाटा पूर्ण दबला की आस त्यावर येऊन थांबतो. पाटा थकून बसला असेल किंवा गाडी खाली करण्यासाठी कोणी छेडछाड केली असेल, तर हे अंतर उरतच नाही आणि प्रत्येक खड्ड्यात आस ठोकळ्यावर आदळतो. मालकाला वाटते पाटा ताठ आहे, म्हणून तो आणखी मऊ पाटा घेतो आणि आदळणे वाढते. दोन बोटांचे अंतर मोजून पाहण्याने असा खर्च टळतो.

२७/ चौथी गोष्ट स्वतः पाटा. तो उतरवून सोडवावा, परंतु हे काम जाणत्या हाताकडेच द्यावे. मधला बोल्ट निघताच दबलेले पोलाद उसळते. प्रत्येक पट्टी तारेच्या ब्रशने साफ करावी. भेग असलेली पट्टी निर्दयपणे बाद करावी, कारण मुख्य पट्टीचा डोळा तुटला की आसच जागा सोडतो. पट्ट्यांची संख्या व जाडी कंपनीच्या पुस्तिकेशी ताडावी. उपरी पट्टी सापडली, तर गाडीच्या चरित्रातील एक प्रकरण हाती लागले असे समजावे आणि ती नावानिशी जपून ठेवावी.

२८/ साफ झालेल्या पट्ट्यांची टोके वरच्या पट्टीत रुतून चर पाडतात. त्यांच्या कडा घासून गोल कराव्यात. मध्ये ग्रॅफाइटचा लेप द्यावा किंवा निसरड्या प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालावी. पाट्याला वंगण देऊन वर चामड्याचे किंवा पत्र्याचे वेष्टण घालण्याची रीत युद्धपूर्व मोटारींत होतीच. घर्षण कमी झाले की उड्या शमवण्याचे ओझे शॉक ॲब्सॉर्बरवर जाते, म्हणून तो सुस्थितीत हवा.

२९/ पाचवी गोष्ट सांधे. पितळी बुश असतील, तर ग्रीस त्यांच्यापर्यंत खरोखर पोहोचते आहे याची खात्री करावी. वाळलेल्या ग्रीसने भोक बुजलेले असते. रबरी बुश असतील, तर त्यांना खनिज तेल लागू देऊ नये आणि त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. आस हवेत लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते. शॅकल हाताने हलवता आला पाहिजे. किंगपिन झिजले असतील, तर स्टिअरिंगचा झटका पाट्याने थांबणार नाही.

३०/ सहावी गोष्ट शॉक ॲब्सॉर्बर. ‘जड कामाचे’ असे लेबल पाहून घेतलेला नळकांडी शॉक रिकाम्या पिकअपला हमखास अधिक कडक करतो. त्याची लांबीही तपासावी. पाटा दबण्याआधीच शॉक तळाला लागला, तर धक्का लोखंडावर लोखंड आपटल्याचा असतो. फार तिरपा बसवलेला शॉक आपले निम्मे काम सोडून देतो.

३१/ हे सारे करूनही चाल कडक वाटली, तरच पाटा बदलण्याचा विचार यावा. तेव्हाही मार्ग आहेत. पट्ट्यांची जाडी १० टक्क्यांनी कमी केली की ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. पॅराबोलिक पाट्यात मोजक्याच पट्ट्या असतात, त्या टोकांकडे निमुळत्या होतात आणि केवळ मध्यावर व टोकांशी टेकतात, त्यामुळे घर्षण जवळजवळ नाहीसे होते. उंची बदलली, तर किंगपिनचा मागे झुकलेला कोन पोलादी पाचर घालून पुन्हा जुळवावा, नाहीतर गाडी सरळ रेषा धरत नाही.

३२/ या सर्व उपायांचा एक समान गुण आहे: ते परत फिरवता येतात. जुना पाटा खोक्यात ठेवून नवा लावणाऱ्याने पुढच्या पिढीचा मार्ग खुला ठेवलेला असतो. १९७४ च्या मॉडेलांत आलेल्या फोर्ड मस्टँग २ या लहान मोटारीच्या रचनेवर बेतलेले पुढचे सस्पेन्शन आज जुन्या पिकअपमध्ये सर्रास वेल्ड केले जाते. त्यासाठी कापलेला चेसिस मात्र परत फिरत नाही. शिवाय मागचे ताठ पाटे तसेच राहतात, आणि पुढून मऊ झालेली गाडी मागून पूर्ववत उसळत राहते.

३३/ येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. गाडी मालकाची आहे; त्याला ती रोज महामार्गावर चालवायची असेल, तर सुरक्षितता व सुख यांवर त्याचा हक्क आहे. कुशल हातांनी केलेले स्वतंत्र सस्पेन्शन खरोखरच अधिक आरामदायी असते. दुरुस्त केलेला पाटा गाडीला आजच्या मोटारीची चाल देणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. आधीच कापलेल्या किंवा गंजून मोडलेल्या चेसिसवर नवी रचना चढवण्यास हरकत घेणे हट्टाचे ठरेल.

३४/ हरकत आहे ती उलट्या क्रमाला. गंजलेला पाटा, फुगवलेले टायर आणि आवळलेला शॅकल यांची बेरीज करून आलेला हादरा १९४७ च्या अभियंत्याच्या नावावर टाकायचा, आणि मग त्याच्या रचनेला शिक्षा द्यायची, हा न्याय नव्हे. ज्याची तक्रार होत आहे ती वस्तू कारखान्यातून तशी निघालीच नव्हती. साक्षीदाराची जबानी ऐकण्यापूर्वी त्याच्या तोंडातला बोळा काढावा लागतो.

३५/ गडकोटांवर फिरणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. चुन्यात बांधलेल्या तटाला सिमेंटचे ठिगळ लावले की ते मजबूत दिसते. पण चुना श्वास घेतो, सिमेंट पाणी कोंडते, आणि काही पावसाळ्यांनी शेजारचा दगडच सुटतो. नवे साहित्य वाईट नसते. जुनी रचना कशी काम करते हे न समजता ते लावले जाते, तेथे नुकसान होते.

३६/ शिवाय हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. सुटे भाग बोटीने येत आणि शेवरलेच्या मोटारी व ट्रक जोडले जाऊन तेथून बाहेर पडत. १९५० च्या दशकात तो बंद झाला. पाटा, शॅकल, किंगपिन हे शब्द मराठी गॅरेजांच्या तोंडी रुळले, त्यामागे अशा कारखान्यांचा व त्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या हातांचा मोठा वाटा आहे. त्या हातांचे ज्ञान कोठे लिहून ठेवलेले नाही. ते वस्तूतच आहे.

३७/ म्हणून जुन्या वस्तूच्या इतिहासात रस असणाऱ्याने हादऱ्याकडे तक्रार म्हणून पाहण्याआधी साक्ष म्हणून पाहावे. गंज काढल्यावर, हवा जुळवल्यावर, सांधे सुटल्यावर जो थोडा ताठपणा उरतो, तो खरा १९४७ चा. तो सांगतो की ही गाडी कोणासाठी होती, कोणत्या वाटेवर चालत होती आणि तिच्या हौद्यात काय होते.

३८/ तेवढा हादरा राहू द्यावा. हवे तर हौद्यात वाळूची चार पोती घालून, ती नीट बांधून गाडी एकदा चालवून पाहावी. मागचे पाटे कामाला लागतात, गाडी रस्त्यावर बसते, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या अभियंत्याने काय हिशेब केला होता ते शरीराला आपोआप कळते. करवत त्यानंतरही हाताशी असतेच.